फळ्यावरचा ‘उ.’

६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागल्याचं वाचून मी भर स्वयंपाकघरात ओरडले, आणि भाजी ढवळणाऱ्या दोघी झाकणं पुढे धरून मागे सरल्या. त्यांना वाटलं, कुकर उडाला. अन्न-विभागाच्या मुख्य कचेरीत, तेही या वयात! आता एकच पंचाईत झाली आहे. तू नेमकं काय शिकलीस असं कोणी विचारलं, की इतकी वर्षं मी ‘काहीतरी गणिताचं’ म्हणून वेळ मारून नेत होते. भाची आमच्याच खात्यात आल्यावर ते चालायचं नाही. तेव्हा मला समजेल अशा भाषेत एकदा लिहून पाठव.

वरचं ‘अ. उ. आ.’ पाहून हसलीस ना? तू पाच वर्षांची असताना मी तुला पहिलं पत्र धाडलं, तेव्हा ‘अनेक उकडलेले आशीर्वाद’ असा अर्थ तू सगळ्या गल्लीला छातीठोकपणे सांगत फिरलीस. आत्याकडून येणार ते उकडलेलंच असणार! ते उत्तम असतात हे तुझ्या गळी उतरवायला दादाला दोन दिवस लागले. न विचारता अर्थ लावायची ती खोड अजून आहे की गेली?

इकडे रोजचंच चालू आहे. सात शाळा, एकवीसशे ताटं, आम्ही तेवीस जणी. गेले दोन महिने तुमच्या कचेरीचा एक माणूस रोज येतो आणि कोठीशेजारच्या फळ्याचा फोटो काढून जातो. काय आलं, काय शिजलं, काय गेलं, असं आम्ही त्यावर खडूने लिहितो, त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे कोण जाणे. आमची कोठीवाली पहिल्या दिवशी केस नीट करून फळ्याशेजारी उभी राहिली, तर त्याने तिला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. तेव्हापासून ती त्याला चहा विचारत नाही.

पण कुजबुज वेगळीच आहे. म्हणे शहरातली पाचही स्वयंपाकघरं बंद करून बाहेर हमरस्त्यालगत एकच यंत्रांचं मोठं स्वयंपाकघर बांधणार. मी इथे सव्वीस वर्षं आहे. माझं काय, मी वर्षा-दीड वर्षात निवृत्तच होते. पण या बाकीच्या बायकांना रात्री झोप येत नाही, आणि सकाळी त्या मीठ दोनदा घालतात. तुझ्या कानावर काही आलं तर आडपडदा न ठेवता कळव.

दादाला सांग, त्याने दुरुस्त करून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ पुन्हा सात मिनिटं पुढे पळतंय, आणि त्यामुळे माझ्या गाड्या वेळेवर सुटताहेत. त्याला हात लावायचा नाही.

लोभ आहेच, तो मुरू दे.

तुझी,
आत्या


१९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी घड्याळाचं ऐकलं आणि भिंग डोळ्याला लावलेलं तसंच ठेवून मान हलवली. एवढा नामांकित घड्याळजी, आणि सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात त्याचं घड्याळ चुकतं, हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जुन्या दप्तरखान्यात आहे. आम्ही तिघं. साहेब, जे विचार करताना पेन्सिल टेबलावर आपटतात, एक आकडेवाला, जो दहाच्या आत कोणाशी बोलत नाही, आणि मी. समोरच्या भिंतीवर मी तपकिरी कागद चिकटवला आहे आणि त्यावर तुमच्या शहराचं खाणंपिणं काढते आहे. मळे, बाजार, स्वयंपाकघरं, शाळा, ताटं, सगळी वर्तुळं, आणि त्यांच्यामधून बाण. झाडणारी बाई रोज विचारते की हे खोडायचं कधी.

तू विचारलंस म्हणून सांगते. समज, मुलं ताटात अर्धं टाकतात. कोणीही म्हणेल, कमी वाढा, नाहीतर चव सुधारा. आम्ही आधी बाणांचा माग काढतो. जेवणाची सुट्टी आणि खेळाची सुट्टी एकच, म्हणून चार घास गिळून मुलं मैदानात पळतात. तासाभराने पोटात कावळे ओरडतात, मग फाटकाजवळच्या दुकानातली बिस्किटं. दुसऱ्या दिवशी बिस्किटं खिशातून घेऊनच येतात, तेव्हा ताटात आणखी उरतं. उरतं म्हणून तुम्ही कमी शिजवता. मग जो खरा भुकेला आहे त्यालाही पुरत नाही, आणि तोही दुकान गाठतो. बाण फिरून फिरून पहिल्याच वर्तुळात येतो. यात आचारणीचा दोष नाही, पोरांचाही नाही. घंटा हलवून बघायला हवी. मी शिकले ते एवढंच, फक्त त्याला सहा वर्षं लागली.

आता कुजबुजीचं. ती खरी आहे, आत्या. निर्णय झालेला नाही, पण यंत्राच्या स्वयंपाकघराचा आराखडा तयार आहे. एकदम पाच बंद करता येत नाहीत, तेव्हा पहिलं कोणतं बंद करायचं, हे आमच्या तिघांच्या अहवालावरून ठरणार आहे. मुदत पंधरा मार्च. तुझं स्वयंपाकघर त्यात आहे हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, आकडे फळ्यावरचे आहेत, आत्याचे नाहीत.

पण तू काळजी करू नकोस. बटाट्याची सालंसुद्धा वाया न घालवणारी माझी आत्या. तुझं स्वयंपाकघर पाचांत पहिलं येईल याची मला आत्ताच खात्री आहे.

बाबांचा आशीर्वाद, माझा नमस्कार, आणि तुझी माया अशीच राहो.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. पोळलेल्या बोटांच्या बावीस बायका बाण आणि वर्तुळं ऐकत बसल्या होत्या. शेवटी कोठीवाली म्हणाली की हे तर आपल्याला माहीतच आहे, फक्त ते गोल करून सांगता आलं नव्हतं. याला मी तुझी स्तुतीच समजते.

मग मी एक आगाऊपणा केला. आमच्या सातांपैकी सर्वांत लहान शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि पंधरा दिवस खेळ आधी, जेवण नंतर, असं करून बघायची गळ घातली. बाईंनी आधी नाक मुरडलं. मुलं घामेजलेली वर्गात येतील म्हणाल्या. मी म्हटलं, जेवून वर्गात आल्यावर झोपतात त्यापेक्षा बरं. आज अकरा दिवस झाले. तिथून पिंपं इतकी स्वच्छ येताहेत की धुणारीने मला विचारलं, त्या शाळेत जेवण पोचतं ना? फाटकाजवळचा दुकानदार मात्र माझ्याकडे रागाने बघतो.

परवा एक धांदल उडाली. पुलापलीकडच्या स्वयंपाकघराची वाफेची टाकी सकाळी सातला बंद पडली. तिथली मुख्य बाई फोनवर रडायच्या बेतात होती. मी तिला आधी पाणी प्यायला सांगितलं. मग आमची उकडलेल्या बटाट्यांची चार पिंपं, पाव आणि दूध असं गाडीवाल्याबरोबर धाडलं, आणि इथे आम्ही दुसरी चूल पेटवली. आमच्या शेवटच्या शाळेला दहा मिनिटं उशीर झाला. पण दादाचं घड्याळ सात मिनिटं पुढे असल्यामुळे तो तीनच मिनिटांचा ठरला. त्याला सांग.

आमच्या आचारणींतली सर्वांत तरुण पोरगी लग्न ठरवायचं की थांबायचं असं मला विचारत होती, कारण नोकरी राहते की जाते ते ठाऊक नाही. मी तिला म्हटलं, ठरव. माझी भाची तिथे बसली आहे.

माया पोचती करते, तिची पोच दे.

तुझी,
आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार दिवस टाळत होते. तुझ्या मागच्या पत्रातलं ‘माझी भाची तिथे बसली आहे’ हे वाचल्यापासून तर लिहायला बसवतच नव्हतं.

पाचही फळ्यांचे तीन महिन्यांचे आकडे लागले. फळ्यावर चार रकाने आहेत. आलं, शिजलं, गेलं, आणि शेवटी नुसतं ‘उ.’, म्हणजे उरलं. बाकीच्या चार ठिकाणी दिवसाला दहा-बारा किलो उरतं. तुझ्याकडे पन्नास. कधी साठ, एकदा तर एकशेवीस. आलेल्या मालाचा दहावा हिस्सा, आत्या. मी तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा आकडेवाल्याला करायला दिली. तो दहाच्या आत माझ्याशी बोलला, यावरून काय ते समज. म्हणाला, आकडा बरोबर आहे.

या हिशेबाने पहिलं बंद करायचं स्वयंपाकघर तुझं ठरतं. मी साहेबांना म्हटलं, मला या कामातून मोकळं करा. ते म्हणाले, आकडा खरा असेल तर दुसरा कोणीही तोच काढेल, मग तुम्ही पळून काय होणार? त्यांचंही चुकीचं नाही.

तुला कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. मला तुझा राग येत नाही, फक्त काही समजत नाही. लहानपणी ताटात एक दाणा राहिला तर तू मला उठू देत नव्हतीस. त्या तुझ्याच घरात रोज पन्नास किलो कसं उरतं? बहुतेक इतक्या मोठ्या कामात ते कोणाच्या लक्षात येत नसेल. त्या पोरीला लग्न ठरवू दे, पण माझ्या भरवशावर नको.

मला वाटेल ते बोल, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

कार्ड लिहितो आहे, कारण पाकिटाएवढं मला सुचत नाही. तुझ्या भाचीचं जेवणाकडे लक्ष नाही. रोज टपालपेटी उघडते आणि वीजबिल घेऊन वर येते. नऊ दिवस झाले. तुला राग आला असेल तर तो लिहून पाठव, पण पाठव. लहानपणी तू रुसलीस की माळ्यावर जाऊन बसायचीस आणि मीच शिडी लावायचो. आता गुडघे राहिले नाहीत.

तिने मला तिची वर्तुळं समजावली. मी तिला एकच सांगितलं. घड्याळ मी पूर्ण सुटं करतो, चाक चाकापाशी ठेवतो, आणि परत जोडलं की ते चालतं. माणसांच्या कामाचं तसं नसतं. सुटं करून मांडलं की जे चालत होतं तेच टेबलावर दिसेनासं होतं. तिच्या त्या भिंतीवर काहीतरी दिसायचं राहिलं असणार, एवढं म्हणून मी दुकानात गेलो. यात काही अर्थ आहे का ते तू सांग.

तुझा,
दादा


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी पोटभर जेव, मग पुढचं वाच. ही अट आहे.

तुझ्या पत्राच्या चौथ्या-पाचव्या ओळीतच तुझी चूक मला कळली होती. फळ्यावरचा ‘उ.’ म्हणजे उरलं नव्हे गं बाई. उसनं! अनेक उकडलेले आशीर्वाद ते हेच. मी कोठीत पोत्यावर बसून आधी हसले आणि मग माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. माझी भाची मला विचारते, तुझ्याकडे अन्न वाया कसं जातं!

तुला लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, त्याचं कारण ऐक. अकरा वर्षांपूर्वी परिपत्रक निघालं की एका स्वयंपाकघराचा माल दुसऱ्याकडे न्यायचा नाही. त्याच महिन्यात टेकडीवरच्या स्वयंपाकघरात भाजीची गाडी पोचली नाही आणि तीन शाळांतली मुलं कोरड्या पावावर राहिली. मग आम्ही पाचही प्रमुख एकत्र बसलो. ठरलं की एकमेकांना देत राहायचं. लपवायचं नाही म्हणून फळ्यावर लिहायचं, पण कोणाला दिलं ते लिहायचं नाही, नुसतं ‘उ.’ लिहायचं. ज्याच्याकडे येईल तो ते ‘आलं’मध्ये धरतो. आमची थंड खोली सर्वांत मोठी, म्हणून साठा इथे राहतो आणि रोजच्या बारीकसारीक तुटीसाठीही आमच्याकडूनच जास्त जातं. आणखी एक नियम आहे. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत करायचं नाही. ज्याचं अडलं असेल त्याच्याकडे द्यायचं. त्यामुळे अकरा वर्षांत कोणी कोणाला कमीपणा दाखवला नाही.

आणि खरं उरलेलं? ते आम्ही मागच्या दारावर खडूने लिहितो, कारण मळेवाला तिथूनच ते खतासाठी उचलतो. सहा किलो, नऊ किलो, फार तर अकरा. मागच्या दाराचा फोटो काढायला तुमचा माणूस कधी आला नाही. त्याला चहा दिला असता तर कदाचित आला असता.

आता तुझी चूक दुरुस्त करायची तर आमचा गुन्हा कबूल करायला हवा. एकटीचा असता तर त्याच दिवशी केला असता, पण यात आणखी चौघं गुंतलेले. आठवडाभर मी त्यांच्या दारोदार फिरले. पुलापलीकडची ताबडतोब हो म्हणाली. स्टेशनजवळची आणि बाजारातली रात्रभर विचार करून हो म्हणाल्या. टेकडीवरच्या आचाऱ्याने साफ नकार दिला. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर, आणि माणूस भित्रा. मी परत फिरले. आज सकाळी तोच टेकडी उतरून आला आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. अकरा वर्षांत त्याच्याकडे किती वेळा उसनं आलं, तारखांसकट, आठवून आठवून लिहिलेलं. म्हणाला, हेही पाठवा. तो सोबत जोडते.

तेव्हा लिही, भिंगरी. सगळं खरं लिही. आमची नावंही घाल.

रागावले नव्हते. घाबरले होते, आणि ते तुला सांगायची लाज वाटत होती.

तुझी,
आत्या


४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जेवले. दोनदा वाढून घेतलं. मग तुझं पत्र कचेरीत नेऊन आकडेवाल्याला वाचून दाखवलं. मी कपाळावर हात मारण्याआधी त्याने स्वतःच्या मारला.

तुझ्या फळ्याचे फोटो मी दोन महिने रोज पाहत होते आणि एकदाही विचारलं नाही की या अक्षराचा अर्थ काय. मुलं ताटात का टाकतात ते तुला ऐटीत समजावलं, आणि स्वतः मात्र मला हवा तो शब्द त्या अक्षराला चिकटवून मोकळी झाले. मला फार लाज वाटते, आत्या. तू दहा दिवस गप्प बसलीस ते मला समजलं. मी दोन महिने गप्प बसले, त्याचं काय करायचं?

मग आम्ही तपकिरी कागद उतरवला आणि नवा लावला. पाचही फळ्यांवरचे ‘उ.’ आणि ‘आलं’ तारखेने जुळवत गेलो. इथून चाळीस किलो गेले, तिथे चाळीस आले. संध्याकाळपर्यंत पाच वर्तुळांमध्ये इतके बाण झाले की झाडणारी बाई थांबून बघत राहिली. टेकडीवरच्या काकांच्या कागदावरच्या या तीन महिन्यांतल्या तारखाही जुळल्या, दोन सोडून. सत्त्याऐंशी दिवसांत एकोणीस वेळा कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघराचं काम अडलं. कधी वाफ नाही, कधी गाडी नाही, एकदा अर्धी माणसं तापाने पडलेली. आणि एकाही शाळेत एकही ताट रिकामं राहिलं नाही. हे कोणत्याच स्वयंपाकघराच्या आकड्यात दिसत नव्हतं, कारण ते त्यांच्या मधल्या बाणांत होतं. बाबांचं ‘दिसायचं राहिलं’ ते हेच. त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग घड्याळजीचा पगार सुरू करा.

आता पुढचं. माझा आधीचा सल्ला मी या नव्या कागदावर करून बघितला. तुझं वर्तुळ काढून टाकलं. एकोणीसपैकी चौदा वेळा मुलं उपाशी राहिली असती. जे बंद करा असं मी लिहिणार होते, त्याच्याच आधारावर बाकीची चार उभी आहेत. आणि यंत्राचं मोठं स्वयंपाकघर? ते कितीही चांगलं चाललं, तरी एखाद्या सकाळी बंद पडलं तर त्याने उसनं मागायचं कोणाकडे?

चौदा तारखेला तुमच्याच नगरसभेच्या दालनात बैठक आहे. चूक माझी, ती मीच सांगेन. मला भीती तुमची वाटते. परिपत्रक मोडल्याबद्दल साहेब काय करतील ते मला ओळखता येत नाही. पेन्सिल मात्र फार आपटताहेत.

माझ्यासाठी तुझ्याकडचं वर्तुळ कधी पुसू नकोस.

तुझी,
भिंगरी


१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लेक काल सुखरूप परत पोचली असेल. ती स्वतः तुला अर्धंच सांगेल, म्हणून उरलेलं मी लिहिते.

दालनात लांब टेबल, पाण्याचे पेले, आणि भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र, जे अर्थातच चालू झालं नाही. तुझ्या मुलीने तपकिरी कागद खिडक्यांच्या तावदानांवरच चिकटवला, त्यामुळे दालनात अंधार झाला आणि मागून ऊन येऊन बाण तेवढे चमकायला लागले. मला वाटलं, आता ती आकड्यांनी सुरुवात करेल. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं की तिची चूक झाली. एका अक्षराचा अर्थ तिने कोणालाही न विचारता लावला आणि त्यामुळे एक स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ आली होती, असं ती म्हणाली. उरलं आणि उसनं ऐकून लोक हसले. ती हसली नाही. एकेक बाण बोटाने दाखवत ती पुढे बोलत राहिली, दादा. मी तिला चालायला लागताना पाहिलं आहे, पण त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान तेव्हाही वाटला नव्हता.

सगळं झाल्यावर साहेबांनी विचारलं की परिपत्रक असताना माल हलवायची परवानगी कोणी दिली. मग मी उभी राहिले. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पुलापलीकडची, स्टेशनजवळची, बाजारातली. टेकडीवरचा सर्वांत शेवटी उठला, पण ते गुडघ्यामुळे. साहेबांनी पुन्हा विचारलं की नियम मोडताना आम्हाला भीती वाटली नाही का. मी म्हटलं की वाटली, दर वेळी वाटली. पुलापलीकडचीने तेवढ्यात वाफेची टाकी बंद पडल्याचा दिवस सांगितला. त्या दिवशी तिच्याकडे चारशे मुलं होती.

साहेब बराच वेळ पेन्सिल आपटत बसले. मग त्यांनी काय करावं? मागचं दार बघायचं म्हणाले! आम्ही सगळे चालत आमच्या स्वयंपाकघरात आलो. त्यांनी चष्मा लावून दारावरचा खडूचा आकडान्‌आकडा वाचला. मळेवाला तेव्हाच पिंप उचलायला आला होता, त्याला त्यांनी खताबद्दल इतके प्रश्न विचारले की तो मला विचारू लागला, हे खत घेणार आहेत का. जाताना कोठीवालीने साहेबांना चहा दिला, आणि फोटोवाल्यालाही. म्हणजे तिच्या बाजूने तरी तह झाला.

निर्णय काय होईल देव जाणे. पण आपली पोरगी चांगली निघाली, याचं निम्मं श्रेय तुझं. निम्मंच.

तुझी,
धाकटी


५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल कचेरीचं पाकीट आलं. कोठीवालीने ते आधी उजेडात धरून पाहिलं, मग मला दिलं. आत दोन कागद निघाले. पहिल्यावर ताकीद. परिपत्रकाचा भंग केल्याबद्दल पाचही प्रमुखांना समज देण्यात येत आहे, वगैरे. दुसऱ्यावर विनंती. यंत्राच्या स्वयंपाकघराचा आराखडा दोन वर्षं बाजूला ठेवला आहे, जुनं परिपत्रक मागे घेतलं आहे, आणि उसनवारीची पद्धत लिहून द्यायला पाचही प्रमुखांनी बसावं. सही दोन्हींवर एकाच माणसाची, तारीखही एकच. टेकडीवरच्याने ताकीद चौकटीत लावायला दिली आहे. म्हणतो, आयुष्यात एकदाच मिळाली.

दोन वर्षं म्हणजे कायमचं नव्हे, हे मला कळतं. सातांपैकी चारच शाळांनी अजून घंटा बदलली आहे, बाकी तिघी ऐकत नाहीत. पण आचारणींत सर्वांत तरुण पोरीने काल सगळ्यांना पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली. कुठल्या दुकानातली ते विचारू नकोस. लग्न ठरलं.

नवे फळेही आले. त्यावर चौथ्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘उसनं’ असं छापलं आहे. कोठीवालीला ते अजिबात आवडलेलं नाही. इतकं लांब वाचत बसायला वेळ कोणाला आहे म्हणते, आणि खाली खडूने आपलं ‘उ.’च लिहिते. तिला मी अडवत नाही.

मी पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होते. त्याआधी एकदा चार दिवस राहायला ये. थंड खोलीतल्या मांडण्या, कोणाला किती दिलं तर आपल्याला कमी पडत नाही, कोण मागायला लाजतं म्हणून आपणच विचारायचं, हे कुठल्याच फळ्यावर नाही. ते तुझ्या भिंतीवर तरी असू दे.

आणि वर ‘अ. उ. आ.’ लिहिलं आहे, ते या वेळी नेहमीचं समजू नकोस. उत्तम तर ते आधीपासूनच होते, उकडलेले तू ठरवले होतेस. आजचा ‘उ.’ फळ्यावरचा आहे. अनेक उसने आशीर्वाद. नियम तुला माहीत आहे. मला परत करायचे नाहीत. ज्याचं अडलं असेल त्याला दे.

तुझी,
आत्या